व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरला कुठला स्पीकर लावायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या ट्यूबवर चालणारा, अँप्लिफायर बाळगणारी माणसं कोल्हापुरात फार नाहीत. जी आहेत ती एकमेकांना ओळखतात, आणि नवा कुणी यात पडला की फिरत फिरत शिवाजी पेठेत माझ्याकडे येऊन पोचतो. एक चहा होतो, दुसरा होतो, प्रश्न मात्र तेच. शेवटी घरातूनच फर्मान निघालं की हे एकदा लिहून टाका. मी इंजिनिअर नव्हे. वडिलांचा बंद पडलेला रेडिओ उघडला तिथून हा नाद लागला. खाली आहे ते वाचून, करून आणि थोडंफार जाळून शिकलेलं आहे.

माझा अँप्लिफायर फक्त ८ वॅटचा आहे. एवढ्यात काय वाजणार?

स्पीकर बरोबर असेल तर शेजारी येऊन दार वाजवेल.

वॅटचा आकडा एकटा काही सांगत नाही. स्पीकरला १ वॅट दिला आणि समोर १ मीटरवर आवाज मोजला की जो डेसिबलचा आकडा येतो, ती त्याची सेन्सिटिव्हिटी. आजकाल शोरूममध्ये दिसणारा छोटा, देखणा स्पीकर साधारण ८५ ते ८८ डेसिबलचा असतो. ९४-९५ च्या पुढे गेला की आमच्यासारखे लोक त्याला हाय-सेन्सिटिव्हिटी म्हणतात. मोठे कर्णे, म्हणजे हॉर्नचे स्पीकर, १०० च्याही वर जातात.

आता हिशेब बघा. आवाज ३ डेसिबलने वाढवायचा तर ताकद दुप्पट लागते. एक स्पीकर ८७ चा, दुसरा ९६ चा. फरक ९ डेसिबल, म्हणजे तीनदा दुप्पट, म्हणजे आठपट. ९६ वाल्याला ८ वॅटमध्ये जे जमतं तेच ८७ वाल्याकडून करून घ्यायला ६४ वॅट लागतात. व्हॉल्व्हमध्ये दोन्ही चॅनलला तेवढे वॅट काढायचे म्हणजे चार केटी८८ जातीचे दणकट व्हॉल्व्ह, दोघांनी मिळून उचलायचा अँप्लिफायर, आणि मे महिन्यात खोलीत बसवणार नाही इतकी धग.

मुळात स्पीकर हे वीज वाया घालवणारं यंत्र आहे. ९२ डेसिबलचा स्पीकर दिलेल्या विजेतला फक्त १ टक्का आवाजात बदलतो, बाकीचे ९९ टक्के कॉइल तापवण्यात जातात. ८७-८८ वाले अर्ध्या टक्क्याच्याही खाली. १०२ चा कर्णा मात्र १० टक्क्यांवर पोचतो. म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं: आधी स्पीकर ठरवा, मग त्याला पुरेल एवढा अँप्लिफायर घ्या. लोक नेमकं उलट करतात, कारण अँप्लिफायर अंधारात लुकलुकतो.

मग मला किती डेसिबलचा लागेल?

तुमच्या अँप्लिफायरमध्ये कुठला व्हॉल्व्ह आहे त्यावर. दहा बाय बारा ते बारा बाय पंधराची खोली आणि बसायची जागा अडीच-तीन मीटरवर, असं धरून सांगतो.

४५ किंवा २ए३ एकटा, म्हणजे दीड ते साडेतीन वॅट: ९८ च्या खाली बघूच नका. ३००बी एकटा, सुमारे ८ वॅट: ९४-९५ पासून पुढे. ईएल८४ एकटा, ५ वॅटच्या आसपास: ९५ असावा. ईएल८४ ची जोडी पुश-पुलमध्ये, म्हणजे दोन व्हॉल्व्ह आळीपाळीनं ओढतात त्या रचनेत, १२ ते १५ वॅट देते, तिथे ९१-९२ वर छान चालतं. ईएल३४ ची जोडी असेल तर ३०-३५ वॅट मिळतात, मग ८९ चा स्पीकरसुद्धा चालेल आणि हे पान तुमच्यासाठी फारसं नाही.

या आकड्यांमागचं कारण असं. घरात आपण सरासरी ७५ ते ८० डेसिबलवर गाणं ऐकतो. पण समेवर तबल्याची थाप पडते ती सरासरीच्या १५ ते २० डेसिबल वर असते. म्हणजे बसल्या जागी क्षणभर ९६-९७ लागणार. ९५ चे दोन स्पीकर, ८ वॅट, तीन मीटरवर: खोलीत अंतराने साधारण ६ डेसिबल कमी होतात, दोन स्पीकरमुळे ३ वाढतात, ८ वॅटचे ९ मिळतात. बेरीज १०१. ऐसपैस जागा राहिली. त्याच ठिकाणी ८८ चे ठेवा, बेरीज ९४. तंबोरा आणि आलाप छान चालेल, तबला आला की अँप्लिफायर धापा टाकणार.

यात गंमत अशी की व्हॉल्व्ह ट्रान्झिस्टरसारखा फाटत नाही. आवाज आधी जाडसर होतो, मग दाटतो, तबल्याची शाई बोथट होते. त्यामुळे ताकद कमी पडते आहे हे कित्येकांना वर्षानुवर्षं कळतच नाही. ‘ट्यूबचा गोडवा’ म्हणून ते त्याचंच कौतुक करत असतात.

कॅटलॉगमधला आकडा खरा मानायचा का?

मी मनात दोन-तीन डेसिबल वजा करून वाचतो, आणि त्याला कारण आहे. एकदा ९३ डेसिबल वाचून मी एक जोडी मागवली. घरी आणून लावली तर आवाज आधीच्या ९१ वाल्यांपेक्षाही बारीक. मग भिंग घेऊन कागद वाचला. लिहिलं होतं: २.८३ व्होल्टला ९३. आणि स्पीकर ४ ओहमचा.

८ ओहमला २.८३ व्होल्ट दिले की बरोबर १ वॅट होतो. ४ ओहमला तेच २.८३ व्होल्ट दिले की २ वॅट होतात. म्हणजे तो आकडा २ वॅटचा होता, खरा ९०. ट्रान्झिस्टरवाल्याला याचं सोयरसुतक नसतं, त्याच्याकडे ताकद पडून असते. आपल्याला मात्र ते ३ डेसिबल खिशातून भरावे लागतात.

दुसरी युक्ती म्हणजे बंदिस्त खोलीत मोजून आकडा देणं. भिंतींमुळे तो आपोआप फुगतो. तिसरी म्हणजे आलेखातला सगळ्यात उंच सुळका धरून तोच छापणं.

घरच्या घरी पडताळा घ्यायचा तर ओळखीचा, माहितीतला एक स्पीकर शेजारी ठेवा. मोबाइलवर आवाज मोजायचं कुठलंही ॲप घ्या, ‘पिंक नॉइज’ (सगळे सूर मिसळलेला, चाचणीचा खळखळ आवाज) लावा, अँप्लिफायरच्या बटणाला हात न लावता दोन्ही स्पीकर आलटून पालटून जोडा आणि मोबाइल त्याच अंतरावर धरा. मोबाइलचा आकडा एकटा विश्वासाचा नसतो, पण दोन आकड्यांमधला फरक बऱ्यापैकी खरा असतो. फक्त दोन्ही स्पीकर सारख्याच ओहमचे असू द्यात, नाहीतर माझ्यासारखंच फसाल. आणि जोडणी बदलताना अँप्लिफायर बंद करा. का, ते खाली सांगितलं आहे.

डेसिबल जुळले म्हणजे झालं ना?

नाही. माझ्या मते निम्मं काम इथून पुढे आहे.

स्पीकरवर ‘८ ओहम’ लिहिलेलं असतं ते नावापुरतं. प्रत्यक्षात त्याचा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, प्रत्येक सुराला वेगळा असतो. खर्जात एका जागी ३० ओहमवर चढतो, मध्येच ४ वर उतरतो, वर पुन्हा चढतो. आता व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरचा स्वतःचा अंतर्गत रोधही बराच असतो. निगेटिव्ह फीडबॅक (बाहेर पडणारा सिग्नल थोडा उलटा परत आत देऊन चूक सुधारणं) न वापरलेल्या सिंगल-एंडेडमध्ये, म्हणजे एकट्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्ये, तो २-३ ओहम सहज असतो. ३ ओहम धरा. जिथे स्पीकर ४ ओहमचा होतो तिथे त्याला व्होल्टेजचे सातातले चारच हिस्से मिळतात, म्हणजे जवळपास ५ डेसिबल कमी. जिथे ३० चा होतो तिथे तेहतिसातले तीस, म्हणजे १ डेसिबलही कमी नाही. दोन सुरांत ४ डेसिबलचा फरक पडला, आणि तो गाणाऱ्यानंही केला नाही, रेकॉर्ड करणाऱ्यानंही नाही. ट्रान्झिस्टर अँप्लिफायरचा अंतर्गत रोध ओहमच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याहून कमी, तिथे हाच फरक नावाला उरतो.

म्हणून स्पीकर बघताना इम्पीडन्सचा आलेख मिळाला तर आधी तो बघा. सपाट असावा, ६ ओहमच्या खाली जाऊ नये. क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे आणि वरचे सूर वेगवेगळ्या स्पीकरकडे वाटून देणारं सर्किट, जितका साधा तितकं बरं. ९२ चा सपाट स्पीकर ९६ च्या उड्या मारणाऱ्या स्पीकरपेक्षा व्हॉल्व्हवर गोड वाजलेला मी अनेकदा ऐकला आहे.

अँप्लिफायरच्या मागे ४ आणि ८ ओहमचे असे दोन टॅप (स्पीकरची वायर जोडायच्या जागा) आहेत. स्पीकर ८ चा. ४ ला लावला तर जळेल का?

जळत नाही. उलट एकदा लावून बघाच. ८ ओहमचा स्पीकर ४ च्या टॅपवर टाकला की व्हॉल्व्हला दुप्पट लोड दिसतो. ताकद थोडी कमी मिळते, पण विकृती कमी होते आणि स्पीकरच्या कोनवरची, म्हणजे हलणाऱ्या कागदी पडद्यावरची, पकड घट्ट होते. स्पीकर हाय-सेन्सिटिव्हिटी असेल तर तेवढी ताकद सोडायला काहीच हरकत नाही. माझ्याकडे दहापैकी सात जण ऐकून ४ वरच ठेवतात.

उलटं, म्हणजे ४ ओहमचा स्पीकर १६ च्या टॅपवर, मात्र करू नका.

आमच्या मंडळाचे जुने डॉल्बीचे स्पीकर पडून आहेत. ते घरात चालतील का?

हा खास कोल्हापूरचा प्रश्न. बाहेरगावच्यांसाठी खुलासा: इकडे ‘डॉल्बी’ म्हणजे मिरवणुकीत ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. त्या नावाच्या कंपनीचा तिच्याशी काडीचा संबंध नाही.

उत्तर ऐकून लोक हसतात, पण हो, चालतील. आणि झकास चालतील. १५ इंची पीए वूफर, म्हणजे जाहीर कार्यक्रमांचा खालच्या सुरांचा स्पीकर, हा मुळातच आपल्याला पाहिजे तसा असतो: हलका कडक कागदी कोन, भलंमोठं मॅग्नेट, कडेला रबराऐवजी घडीचं कापड. सेन्सिटिव्हिटी ९६ ते ९९. मिरवणुकीत त्याला शेकडो वॅट खायला घालतात. घरात पाव वॅटवर तो इतका निवांत असतो की कोन हललेला डोळ्यांना दिसत नाही. जो स्पीकर हलतच नाही तो आवाज कशाला बिघडवेल?

पण निवडून घ्या. १८ इंची घेऊ नका. तो नुसत्या धडधडीसाठी केलेला, जड कोनाचा असतो आणि वरचे सूर त्याला येत नाहीत. १५ किंवा १२ इंची घ्या. जमिनीवर उताणा ठेवा, दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर पसरा आणि अगदी सावकाश खाली दाबा. कान जवळ न्या. खरखर आली तर कॉइल घासते आहे, सोडून द्या. मग मागच्या जाळीला नाक लावा. जळकट, वार्निशसारखा वास असेल तर तो गेल्या गणपतीत भाजून निघालेला आहे. मल्टिमीटरवर ८ ओहमचा स्पीकर साडेपाच ते साडेसहा ओहम दाखवतो, दोन्ही जवळपास सारखे यायला हवेत.

आणि विचारा: रिकोन केलाय का? कोन आणि कॉइल बदललेले असतील तर पुष्कळदा मुळापेक्षा जड माल बसवलेला असतो. तो जास्त वॅट सोसतो, पण आपले दोन-तीन डेसिबल तिथेच गेले. दोनातला एक रिकोन आणि एक मूळचा, अशी जोडी तर फुकट मिळाली तरी नको.

वरच्या सुरांसाठी कॉम्प्रेशन ड्रायव्हर (कर्ण्याच्या मागे बसणारा, आवाज काढणारा भाग) आणि छोटा कर्णा लागेल. तो १०५ च्या पुढे असतो, म्हणून त्याला एल-पॅड (आवाज कमी करणारी रोधांची जोडणी) लावून वूफरच्या पातळीवर खाली आणावं लागतं. कपॅसिटर न लावता ड्रायव्हर सरळ जोडलात तर पहिल्याच तबल्यात पडदा जाईल.

मंडळाची पेटी मात्र घेऊ नका. ती ट्रकमधून आपटायला केलेली असते, घरात ऐकायला नव्हे.

बंद पडलेल्या टॉकीजचे कर्णे मिळतात म्हणे?

मिळायचे. आता ज्याच्याकडे आहेत त्याला त्यांची किंमत कळलेली आहे.

या गावाला सिनेमाचं वेगळं सांगायला नको. मराठीतला पहिला बोलपट १९३२ साली इथेच, प्रभात कंपनीत तयार झाला. त्या काळी थिएटरचे अँप्लिफायर आजच्या मानानं चिमूटभर वॅटचे असायचे आणि समोर शेकडो माणसं. स्पीकरच इतके कार्यक्षम करण्यावाचून इलाज नव्हता. आज चैनीचा मानला जाणारा ३००बी वेस्टर्न इलेक्ट्रिकचा, १९३० च्या दशकातला. पॉल क्लिप्श यांचा कोपऱ्यात ठेवायचा क्लिप्शहॉर्न १९४६ चा. सगळी जुळणी त्याच काळातली आहे: थोडी ताकद, मोठा कर्णा.

कर्णा मिळालाच तर तीन गोष्टी बघा. एक, तो १६ ओहमचा असण्याची शक्यता बरीच, तेव्हा अँप्लिफायरला १६ चा टॅप आहे का. दोन, फार जुना असेल तर त्यात कायमचं मॅग्नेट नसून फील्ड कॉइल, म्हणजे विजेवर चालणारं चुंबक, असू शकते. तिला वेगळा डीसी पुरवठा द्यावा लागतो, नाहीतर स्पीकर मुका राहतो. तीन, जागा. खालची पेटी आणि वरचा कर्णा यांचे आवाज एकजीव व्हायला समोर निदान साडेतीन-चार मीटर लागतात. माझ्या एका मित्रानं जुन्या घराच्या सोप्यात असा जोड बसवला आहे. सोपा लांब, वर लाकडी तक्तपोशी, मागे ओसरी उघडी. तिथे तो असा वाजतो की माणूस बोलायचं थांबतो. तोच जोड आधी फ्लॅटच्या हॉलमध्ये होता तेव्हा बाई खालून गायची आणि तिचे स, श वरून यायचे.

फुल-रेंज म्हणजे काय? त्यात क्रॉसओव्हरच नसतो म्हणे.

एकच कोन, सगळे सूर त्याच्याच गळ्यातून. लाऊदर आणि फॉस्टेक्स ही त्यातली मातब्बर नावं. ६ ते ८ इंचाचा हलका कोन, मध्ये पांढऱ्या कागदाचा छोटा दुसरा कोन, सेन्सिटिव्हिटी ९४-९५ च्या आसपास किंवा वर. क्रॉसओव्हर नसल्यामुळे व्हॉल्व्हला हे फार मानवतात. एकटा गळा, सतार, सारंगी यांत त्यांच्यासारखं काही नाही.

दोष दोन. खर्ज कमी, त्यासाठी मागून वळणं घेत येणारा लाकडी कर्णा किंवा मोठी पेटी लागते. आणि वरच्या मध्यसप्तकात कधी कधी ओरडतात, हार्मोनियम ऐकली की लगेच समजतं. मला स्वतःला तासाभरानं ते डोक्यात जातात, पण हा माझ्या कानाचा प्रश्न असेल.

छोट्या पेटीत हाय-सेन्सिटिव्हिटी का मिळत नाही?

छोटी पेटी, खोल खर्ज आणि जास्त सेन्सिटिव्हिटी, या तिघांतले दोनच पदरात पडतात. याला हॉफमनचा लोखंडी नियम म्हणतात. केएलएच या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीच्या नावातला ‘एच’ तो हाच हॉफमन. १९५४ मध्ये एडगर विल्चर यांनी छोट्या बंद पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला, बदल्यात सेन्सिटिव्हिटी दिली. पुढे ट्रान्झिस्टर आले, वॅट स्वस्त झाले आणि जगानं छोटी पेटी निवडली. आपण तिसऱ्या वाटेनं जाणारे. घरात कपाटाएवढी पेटी येणार याची मनाची तयारी करा. मनाची म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या मनाची.

मोठे असूनही यांना बेस कमी असतो असं ऐकलंय.

३० हर्ट्झची धडधड नसते, खरं आहे. पण तुम्ही ऐकता काय?

काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज साधारण १३८ हर्ट्झ. त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार बरोबर निम्म्यावर, ६९ हर्ट्झ. डग्ग्याचा घुमारा त्याच आसपास. म्हणजे ६० पर्यंत नीट उतरणारा स्पीकर असेल तर अख्खी मैफल हाती लागली. ज्या गावच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेब गायले, जिथे देवल क्लबात लोकांनी माइकशिवाय गाणं ऐकलं, तिथे याहून खाली जायची घाई कशाला? माइकशिवायच्या गाण्यात जो सहजपणा असतो, तान अचानक अंगावर येते आणि तरी कानाला बोचत नाही, तो मला फक्त या जातीच्या स्पीकरमध्ये सापडला.

इलेक्ट्रॉनिक संगीत किंवा नव्या सिनेमांची गाणी जास्त ऐकत असाल तर स्वतःचा अँप्लिफायर असलेला सबवूफर जोडा, ६० च्या खाली. कुणी नावं ठेवली तर ठेवू द्या.

नवे कर्णे लावल्यापासून गुणगुण ऐकू येते. आधीच्या स्पीकरवर नव्हती.

होती की. ऐकू येत नव्हती.

अँप्लिफायरच्या तोंडाशी १ मिलिव्होल्ट गुणगुण असणं ही चांगली कामगिरी मानतात. ८ ओहमला ती १ वॅटच्या ६९ डेसिबल खाली बसते. ८८ च्या स्पीकरवर म्हणजे १ मीटरवर १९ डेसिबल, कुणाला पत्ता लागत नाही. १०० च्या कर्ण्यावर ३१. रात्री पंखा बंद केला की जाणवते. आणि ३ मिलिव्होल्ट असेल, जी घरगुती बनावटीत सर्रास असते, तर ४० च्या पुढे. मग गाणं सुरू व्हायच्या आधीच वैताग.

आधी इनपुटच्या वायरी सगळ्या काढा. गुणगुण गेली तर दोष अर्थिंगच्या जोडणीत आहे, दोन यंत्रांचं अर्थिंग फेरा घालतं आहे. राहिली तर अँप्लिफायरच्या पोटात आहे: फिल्टर कपॅसिटर म्हातारे झालेत किंवा फिलामेंटचा, म्हणजे व्हॉल्व्हमधल्या तापणाऱ्या तारेचा, एसी आत शिरतो आहे. २ए३, ३००बी यांच्यात फिलामेंट हाच कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग), म्हणून हा त्रास त्यांना जास्त. फिलामेंट डीसीवर चालवलं की बराच फरक पडतो. हे काम जाणकाराकडून करून घ्या. आत ३०० ते ४५० व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर ते धरून बसतात. दहा मिनिटं थांबून मीटरनं मोजल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. माझ्या उजव्या हाताला आठवण आहे.

स्पीकर न जोडता अँप्लिफायर नुसता चालू केला तर?

करू नका. ट्रान्झिस्टरवाल्यांना सवय असते, तो मोकळा राहिला तरी त्याचं काही जात नाही. व्हॉल्व्हला आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो. त्याला लोड नसताना सिग्नल आला की प्रायमरीवर, म्हणजे व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीवर, व्होल्टेज उसळतं आणि आतलं इन्सुलेशन फुटतं. माझी एकदा स्पीकरची वायर निसटली, गाणं चालू, मला वाटलं रेकॉर्डचाच गॅप आहे म्हणून आवाज वाढवला. टक्क असा एकच आवाज आला. नंतर उद्यमनगरजवळच्या एका वाइंडिंगवाल्याकडे ट्रान्सफॉर्मर नेला. त्यानं लॅमिनेशनच्या पट्ट्या एकेक करून उपसल्या, थर उलगडत गेला आणि चौथ्या थरात राईएवढा काळा ठिपका दाखवला. ‘हे बघा, इथं तुमचं गाणं थांबलं.’

पेटी इथे करून मिळेल का?

आरामात. सुतार चांगले आहेत, फक्त त्यांना हे फर्निचर नाही हे पटवावं लागतं. १८ मिलिमीटरचा चांगल्या प्रतीचा प्लाय, १५ इंचीला शक्य तर २५ चा. आत आडवे-उभे आधार. सांधे खिळ्यांवर नकोत, डिंक आणि स्क्रू. पहिल्या वेळी माझ्या सुतारानं मागच्या बाजूला परस्पर हार्डबोर्ड मारला, ‘मागचं कोण बघतंय’ म्हणून. बोटाच्या पेरानं ठोका. टपटप असा कोरडा आवाज आला पाहिजे, ढब्ब आला तर फळी गात्येय. माप ड्रायव्हरच्या कागदावरून काढा, देवघराच्या कोनाड्यावरून नको.

आपला पावसाळा सोसतील का?

कडा बघून घ्या. स्पंजची कड चार-सहा पावसाळ्यांत भुगा होते. रबर बरं. घडीच्या कापडाची कड सगळ्यात टिकाऊ, आणि बहुतेक हाय-सेन्सिटिव्हिटी वूफरना तीच असते. कागदी कोनवर बुरशी धरते, ती मऊ कोरड्या ब्रशनं झटका, ओलं फडकं लावू नका. आठवड्यातून दोनदा तासभर वाजवत राहिलं तर सहसा धरतच नाही. नदीकाठच्या भागात तळमजल्यावर राहत असाल तर स्पीकर वरच्या मजल्यावर न्यायची सोय आधीच ठरवून ठेवा. २०१९ च्या पुरानंतर एकाच्या घरी पंधरा इंची कोनचा लगदा मी स्वतः खरवडून काढला आहे.

वायर कुठली घेऊ?

दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची. तीन मीटरच्या जोडीला तिचा रोध ओहमच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी येतो. तुमच्या अँप्लिफायरचा स्वतःचाच दोन-तीन ओहम आहे. पुढचा प्रश्न.

विकत घेण्याआधी ऐकून कसं बघायचं?

आपला अँप्लिफायर बरोबर न्या. जड आहे, माहीत आहे, रिक्षा करा. दुकानातल्या २०० वॅटच्या ट्रान्झिस्टरवर ऐकून घेतलेला स्पीकर घरी वेगळा वाजतो, का ते वर सांगितलंच. ओळखीची दोन रेकॉर्डिंगं न्या: एक नुसता तंबोरा आणि गळा, एक ढोलकीचं. आधी अगदी हळू लावा, शेजारी माणूस कुजबुजेल इतकं. चांगला हाय-सेन्सिटिव्हिटी स्पीकर त्या पातळीवरही तंबोऱ्याच्या चारही तारा वेगळ्या दाखवतो. मग ढोलकी लावून आवाज वाढवत न्या आणि जिथे थाप बोथट व्हायला लागते तिथे थांबा. ती जागा तुम्ही घरी ऐकता त्याच्या बरीच वर असेल तर पैसे काढा. दुकानदार घाई करायला लागला तर चहा मागवा.